पाहुणा, घुसखोर आणि पडकी भिंत : मालक केव्हा जबाबदार नसतो?



आजचा प्रश्न अगदी घरातला आहे. तुमच्या आवारात कोणी आलं, पाय घसरून पडलं, भिंत अंगावर कोसळली किंवा विजेचा धक्का बसला, तर भरपाई कोणी द्यायची? लोकांना विचारलं तर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक जण म्हणतो, ‘जागा ज्याची, जबाबदारी त्याची.’ दुसरा म्हणतो, ‘माझ्या जागेत तो आलाच कशाला?’ कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. मालक सुटतो, पण दरवेळी सुटत नाही. तो केव्हा सुटतो याचे नियम दीडशे-पावणेदोनशे वर्षांत घडत गेले. आज तो प्रवास पाहू या.

त्यासाठी आपण उभे राहू या छत्तीसगडमध्ये, रायपूरच्या उत्तरेला, बीरगांवात. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. गाव म्हणायचं सवयीने, आता तिथे स्वतंत्र महापालिका आहे. शेजारी उरला औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी काय काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. लोखंडाचे कारखाने, गोदामं, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, किराणा दुकानं, जुनी कौलारू घरं आणि अर्धवट बांधून सोडलेले प्लॉट. प्रत्येक जागेला मालक आहे आणि प्रत्येक जागेत कोणी ना कोणी येतं. माल घेऊन आलेला ट्रकवाला, वीजमीटर बघायला आलेला माणूस, भाडेकरूला भेटायला गावाहून आलेला मामा, चेंडू आणायला कुंपण ओलांडणारं पोर. यांतल्या कोणाला इजा झाली, तर प्रत्येकाच्या बाबतीत उत्तर वेगळं येऊ शकतं.

बीरगांव निवडायचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या मराठी वाचकांच्या जवळचं आहे.

नागपूरहून येणारा न्याय

छत्तीसगडचा आणि मराठी राज्यकारभाराचा संबंध जुना. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातले बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरला राहून इथला कारभार पाहत होते. त्यांच्यानंतर सुभेदार आले. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघोजी भोसले वारले, दुसऱ्या वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर. म्हणजे पुढची जवळजवळ शंभर वर्षं रायपूर जिल्ह्यातल्या माणसाचा दावा वर वर जात शेवटी नागपूरला पोचायचा. १९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय झालं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि रायपूरचं उच्च न्यायालय जबलपूरला गेलं. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड राज्य झालं आणि ते बिलासपूरला आलं. न्यायालयाचं गाव दोनदा बदललं. निकालांची परंपरा मात्र एकातून एक पुढे आली.

आता मुख्य अडचण पाहा. खुनाला, चोरीला, फसवणुकीला १८६० सालची भारतीय दंड संहिता होती. करारासाठी १८७२चा कायदा होता. पण ‘तुझ्या हयगयीमुळे माझा पाय मोडला, भरपाई दे’ असं म्हणायचं असेल, तर त्याला लिखित कायदा जवळजवळ नव्हताच. या प्रकाराला कायद्याच्या मराठीत ‘अपकृत्य’ म्हणतात. गुन्हा म्हणजे सरकार विरुद्ध आरोपी. अपकृत्य म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो विरुद्ध ज्याने केलं तो.

एक कायदा होता, १८५५चा प्राणांतिक अपघातांचा कायदा. एखाद्याच्या चुकीमुळे माणूस मेला, तर त्याच्या बायको, नवरा, आईवडील आणि मुलांना भरपाई मागता येईल, एवढं तो सांगतो. तो आजही लागू आहे. पण ‘चूक’ कशाला म्हणायचं, हे त्यात लिहिलेलं नाही.

मग न्यायाधीश काय करायचे? १८७५च्या मध्य प्रांत कायद्यात त्यांना सांगितलं होतं की, जिथे नियम नाही तिथे न्याय, समदृष्टी आणि सदसद्विवेक यांना धरून निकाल द्या. ऐकायला छान वाटतं. पण कोणाची समदृष्टी? १८८७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका निकालात सांगितलं की याचा अर्थ साधारणपणे इंग्लिश कायद्याचे नियम, ते इथल्या समाजाला आणि परिस्थितीला लागू पडत असतील तर. त्याच सुमारास, १८८६ साली, फ्रेडरिक पोलॉक या इंग्लिश कायदेपंडिताने भारत सरकारच्या सांगण्यावरून अपकृत्यांच्या कायद्याचा मसुदा तयार केला होता. तो कधी मंजूर झालाच नाही. आजपर्यंत भारतात असा एकत्रित कायदा नाही. बीरगांवच्या आवारात पडलेल्या माणसाचा हक्क आजही मोठ्या प्रमाणात जुन्या निकालांमधून शोधावा लागतो.

इंग्लंडची तीन पायऱ्यांची शिडी

मग इंग्लंडमध्ये नियम काय होता? तिथे सगळं अवलंबून होतं आत येणारा कोण, यावर.

पहिल्या पायरीवर कामानिमित्त आलेला माणूस. १८६६चा ‘इंडरमॉर विरुद्ध डेम्स’ हा खटला यासाठी प्रसिद्ध आहे. साखरेच्या कारखान्यात गॅसचं काम तपासायला एक कारागीर आला होता. वरच्या मजल्यावर जमिनीत माल चढवण्या-उतरवण्यासाठी उघडं भोक होतं, कठडा नव्हता. तो त्यातून खाली पडला. न्यायालय म्हणालं, व्यवहारासाठी आलेल्या माणसाला नेहमीपेक्षा वेगळा धोका असेल आणि तो मालकाला माहीत असेल किंवा माहीत असायला हवा असेल, तर त्याची काळजी मालकाने घ्यायची.

दुसऱ्या पायरीवर नुसत्या परवानगीने आलेला. गंमत म्हणजे जेवायला बोलावलेला पाहुणा या दुसऱ्या पायरीवर होता. त्याच्यासाठी मालकाने एवढंच करायचं, की आपल्याला माहीत असलेला छुपा धोका सांगायचा. न माहीत असलेल्या धोक्याबद्दल मालक सुटला. आपल्याकडे पाहुण्याला देव मानतात, इंग्लिश कायद्यात मात्र तो गॅसवाल्याच्या खालच्या पायरीवर होता.

तिसऱ्या पायरीवर विनापरवाना घुसलेला. त्याच्या बाबतीत मालक जवळजवळ मोकळा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर इंग्लंडात जमीनदार आवारात सापळ्याच्या बंदुका लावायचे, तारेला पाय लागला की बंदूक सुटायची. १८२८च्या एका खटल्यात एक तरुण दुसऱ्याच्या बागेत उडून गेलेला पक्षी पकडायला शिरला आणि अशा बंदुकीने जखमी झाला. सूचना लावलेली नव्हती, त्यामुळे मालक जबाबदार ठरला. त्याआधी वर्षभर संसदेने या बंदुकांवर कायद्याने बंधन आणलं होतंच. पण मुद्दाम इजा केली नाही, तर घुसखोराबद्दल मालकाला देणंघेणं नाही, हा नियम टिकला. १९२९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फार कडक पद्धतीने लावला. स्कॉटलंडमधल्या एका कोळसा खाणीच्या आवारात चार वर्षांचं मूल यंत्राच्या चाकात सापडून मेलं. मुलं तिथे खेळायला येतात हे खाणवाल्यांना माहीत होतं. तरी मूल कायद्याच्या भाषेत घुसखोर, म्हणून खाण सुटली.

भाडेकरूंचीही तीच गत. १९०६च्या एका निकालात भाड्याच्या घराची जमीन खचून भाडेकरूची बायको जखमी झाली. मालकाने दुरुस्तीचं कबूल केलं होतं. तरी करार नवऱ्याशी झाला होता, बायकोशी नाही, म्हणून मालक सुटला. बीरगांवातल्या किंवा परळच्या चाळीतल्या एखाद्या खोलीला हा नियम लावून पाहा. करार एकाच्या नावावर, राहणारी माणसं सहा आणि येणारे-जाणारे वेगळेच.

अडुसष्ट मिलिमीटर पाऊस

हे नियम आपल्याकडे आले तेव्हा खरी परीक्षा घेतली ती पावसाने. आपल्याकडे ‘आस्मानी-सुलतानी’ म्हणतात. सुलतानी म्हणजे राजाचा जुलूम, आस्मानी म्हणजे वरून आलेलं संकट. इंग्लिश कायद्यातही आस्मानीची सवलत आहे, दैवी आपत्ती या नावाने. १८७६ साली इंग्लंडमध्ये एका जमीनमालकाने ओढा अडवून शोभेची तळी केली होती. कोणाच्या आठवणीत नव्हता एवढा पाऊस झाला, तळी फुटली, खालचे पूल वाहून गेले. न्यायालयाने मालकाला सोडलं, कारण एवढ्या पावसाची कल्पना करणं कोणालाही शक्य नव्हतं.

हीच सवलत जबलपूरच्या उच्च न्यायालयात मागितली गेली. ‘कल्लूलाल विरुद्ध हेमचंद’ हा खटला १९५८च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. त्या काळात या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते मोहम्मद हिदायतुल्ला, ज्यांची शाळा रायपूरची आणि कॉलेज नागपूरचं. खटल्याची हकिगत थोडक्यात अशी. पावसाळ्यातला दिवस. इमारतीची भिंत कोसळली. दुसऱ्याची दोन मुलं तिच्याखाली गेली. मालकाचं म्हणणं, पाऊस एवढा झाला की भिंत पडली, ही देवाची करणी, माझा काय दोष?

न्यायालयाने पावसाचा आकडा पाहिला. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला होता, म्हणजे सुमारे ६८ मिलिमीटर. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस होणं ही काही अघटित गोष्ट नाही. तो येणार हे धरूनच भिंत सांभाळायला हवी. आस्मानीची सवलत मिळाली नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपलं हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की त्याला ‘जोरदार’ म्हणतं. म्हणजे ६८ मिलिमीटर हा त्या पायरीवर नुकताच चढलेला पाऊस. रायपूर, नागपूर, जबलपूर या पट्ट्यात असे दिवस पावसाळ्यात येतात, आणि कोकणाबद्दल तर बोलायलाच नको. लंडनच्या मोजपट्टीने पाहिलं असतं, तर कदाचित हा पाऊस विलक्षण वाटला असता. जबलपूरने इथली मोजपट्टी लावली. १८८७ साली प्रिव्ही कौन्सिलने घातलेली ‘इथल्या परिस्थितीला लागू पडत असेल तर’ ही अट इथे खऱ्या अर्थाने वापरली गेली.

मग मालक केव्हा सुटला असता? त्या भागात कधी पाहिलाच नाही असा पाऊस किंवा भूकंप झाला असता, आणि भिंत त्याआधी धड असती तर. दोन्ही गोष्टी लागतात. मोडकळीला आलेली भिंत भूकंपात पडली, तरी ‘तू आधी काय केलं होतंस?’ हा प्रश्न उरतोच.

दिल्लीच्या चांदणी चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याने हा धागा पुढे नेला. नगर सभागृहासमोरचा तो मनोरा कोसळून रस्त्यावरची माणसं मेली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. पालिका म्हणाली, आतला दोष दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हे मानलं नाही. रस्त्याला लागून असलेल्या इमारतीच्या मालकाने ती सुरक्षित ठेवायचीच, दोष उघड असो वा लपलेला. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या मालकांनी हा निकाल जवळ ठेवावा.

घुसखोरालाही जीव असतो

आता तिसऱ्या पायरीवरच्या माणसाकडे येऊ. ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’, सर्वोच्च न्यायालय, १९६३. एका घराच्या संडासाची भिंत पडली. त्या घरातली माणसं शेजाऱ्याचा संडास वापरू लागली. शेजाऱ्याने हरकत घेतली, तरी वापर चालू राहिला. तेव्हा त्याने संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली. सूचना काही नाही. एक बाई तिथे गेली, तारेला हात लागला आणि ती मेली.

मालकाचा बचाव असा की ती माझ्या जागेत विनापरवाना आली होती आणि मला मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. घुसखोराच्या सोयीसाठी जागा सुरक्षित ठेवण्याचं बंधन मालकावर नाही. त्याने चोरून यावं आणि आपण दिवा लावून ठेवावा, असं कायदा म्हणत नाही. पण घुसखोर म्हणजे कोणीही मारावं असा लांडगा नाही. त्याला इजा व्हावी म्हणून, किंवा झाली तरी बेहत्तर म्हणून, सापळा लावता येत नाही. हयगयीने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम राहिली.

हा निकाल विदर्भातल्या आणि छत्तीसगडातल्या शेतकऱ्यांच्या थेट कामाचा आहे. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं की माणूस वैतागून कुंपणाच्या तारेत सरळ वीज सोडतो. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्या तारेवर पडतो. ‘शेत माझं, तो रात्री आलाच कशाला’ हे उत्तर १९६३ सालीच संपलं आहे. त्याला पर्याय आहे तो झटका मशीनचा. ते क्षणभर झटका देऊन जनावर परतवतं, जीव घ्यावा असा सलग प्रवाह त्यात नसतो. त्यासोबत दिसेल असा फलक लावायचा.

इंग्लंडलाही आपला कडकपणा पुढे सोडावा लागला. १९५७च्या कायद्याने पहिल्या दोन पायऱ्या एक केल्या, त्यामुळे पाहुणा आणि गॅसवाला एका ओळीत आले. १९७२ साली रेल्वेच्या तुटक्या कुंपणातून विजेच्या रुळावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने माणुसकीचा निकष लावून रेल्वेला जबाबदार धरलं. मुलं तिथे जातात हे कळवलेलं होतं, कुंपण तसंच राहिलं होतं. १९८४च्या कायद्याने घुसखोरालाही मर्यादित संरक्षण दिलं. आपल्याकडे असा कायदा झाला नाही, पण चेरुबिन ग्रेगरीचा निकाल इंग्लंडमधल्या त्या बदलाच्या नऊ वर्षं आधीचा आहे.

मालक खरोखर सुटतो ते प्रसंग

इथवर ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे मालक कायमच अडकतो. तसं नाही. सुटण्याचे दरवाजे आहेत आणि ते योग्यही आहेत.

पहिला दरवाजा ताब्याचा. जबाबदारी सातबाऱ्यावरच्या किंवा खरेदीखतावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष ताब्याच्या मागे जाते. अख्खं गोदाम भाड्याने दिलं, चावी भाडेकरूकडे आहे आणि त्याने आत पोती चुकीची रचली, तर पोतं अंगावर पडलेल्या हमालाला उत्तर देण्याची पाळी आधी भाडेकरूवर येते. पण जिना, गच्ची, आवारभिंत मालकाने स्वतःकडे ठेवली असेल, तर तेवढ्या भागाचा तो जबाबदार.

दुसरा दरवाजा, वाजवी काळजी घेऊनही जे कळणं शक्य नव्हतं त्याचा. इंग्लंडमधल्या एका खानावळीत राहायला आलेला पाहुणा अंधाऱ्या जिन्यावरून पडून मेला. जिन्याचा बल्ब कोणीतरी अनोळखी माणसाने काढून नेला होता. १९६६ साली न्यायालय म्हणालं, बल्ब असतानाचा जिना पुरेसा सुरक्षित होता, दुसऱ्याच्या अशा कृत्याबद्दल मालक जबाबदार नाही. तोच बल्ब महिनाभर नसता, तर उत्तर बदललं असतं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण राजकोटचं. २५ मार्च १९७५ रोजी कामावर पायी निघालेल्या एका कर्मचाऱ्यावर रस्त्याकडेचं झाड कोसळलं आणि तो गेला. त्याच्या कुटुंबाने महापालिकेवर दावा लावला, खालच्या न्यायालयांत तो जिंकला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. शहरातल्या हजारो झाडांवर रोज नजर ठेवणं पालिकेला शक्य नाही, हे झाड पडेल याची आधी कल्पना येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पालिका जबाबदार नाही. मनोरा बांधलेला असतो, त्याच्या चुन्याचं वय मोजता येतं. वरून धड दिसणाऱ्या झाडाचं तसं नसतं. पण लोकांनी तक्रार केलेलं, वाळवी लागलेलं झाड पडलं तर राजकोटच्या निकालामागे लपणं कठीण आहे. आणि बावीस वर्षांनी दावा हरलेल्या त्या घराचाही विचार करा. मालक ‘कायद्याने सुटतो’ तेव्हा नुकसान नाहीसं होत नाही. ते ज्याच्या अंगावर झाड पडलं त्याच्याच घरात राहतं.

तिसरा दरवाजा जाणत्या कारागिराचा. १९४१च्या एका इंग्लिश खटल्यात इमारतीची लिफ्ट कोसळली. मालकाने देखभालीचं काम नावाजलेल्या कंपनीला दिलं होतं. लिफ्टच्या आतलं मालकाला काय कळणार? मालक सुटला, कंपनी अडकली. मात्र आपल्याकडे ठेकेदाराचं नाव पुढे करणं दरवेळी चालत नाही. बडोद्याच्या सूरसागर तलावात ११ ऑगस्ट १९९३ला होडी उलटली. २० जणांच्या होडीत ३८ माणसं होती, २२ जण बुडाले. होड्या ठेकेदार चालवत होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महापालिकेलाही जबाबदार धरलं. ठेका दिला म्हणून लोकांच्या जिवाची काळजी ठेक्याने देता येत नाही.

चौथा दरवाजा उघड धोक्याचा. ‘पोहू नका’ असा फलक असलेल्या एका तळ्यात अठरा वर्षांच्या मुलाने सूर मारला, डोकं तळाला आपटलं आणि तो कायमचा अपंग झाला. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची मागणी फेटाळली. उथळ पाण्यात सूर मारण्याचा धोका सज्ञान माणसाला कळतो, त्यासाठी तळं बुजवायची गरज नाही. लहान मुलाला मात्र हा नियम तसाच लावता येत नाही. अर्ध्या बांधकामाच्या टाकीतलं पाणी मोठ्याला धोका दिसतं, मुलाला खेळ दिसतो.

कारखान्याच्या फाटकापाशी

आता पुन्हा उरल्याच्या रस्त्याला येऊ, कारण तिथे हे दरवाजे सगळ्यांना सारखे उघडत नाहीत. ४ डिसेंबर १९८५ला दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. भोपाळला वर्ष झालं होतं. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात स्पष्ट केलं की मुळात धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला कोणतीच सवलत नाही. आस्मानी नाही, तिऱ्हाइताचं कृत्य नाही, ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हेही नाही. नफा घेता, तर अपघाताची किंमतही द्या. १९९१ला सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थांच्या अपघातात कामगार सोडून कोणालाही इजा झाली, तर चूक सिद्ध न करता तातडीची मदत त्याने बांधून दिली. मूळ कायद्यात मृत्यूसाठी ती २५,००० रुपये होती. कामगारासाठी २०२५पर्यंत १९२३चा भरपाईचा कायदा वेगळा होता, त्यातही मालकाची चूक दाखवावी लागत नव्हती.

म्हणजे एकाच फाटकातून आत गेलेल्या दोघांचे रस्ते वेगळे. आतल्या कामगाराला कामगार-भरपाईचा वेगळा कायदा. बाहेरून माल आणणाऱ्या ट्रकवाल्यावर वायू गळला, तर १९९१चा. पण तोच ट्रकवाला उघड्या गटारात पडला, तर त्याला १८६६च्या गॅसवाल्याच्याच वाटेने जावं लागतं, म्हणजे मालकाची हयगय दाखवून.

फलक आणि वही

शेवटी एक नेहमीचा समज. ‘आत येणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर यावे, मालक जबाबदार नाही’ असा फलक जागोजागी दिसतो. त्याने मालक आपोआप सुटत नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून चोरीला गेलेल्या मोटारीच्या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हॉटेलचीच हयगय असेल तर पावतीवरच्या अशा ओळीने सुटका नाही. तिथे प्रश्न मोटारीचा होता, माणसाच्या हातापायांना तर त्याहून मोल आहे. फलकाचा उपयोग होतो तो धोका नेमका सांगण्यासाठी. ‘पुढे उघडी विहीर आहे’ हा फलक कामाचा, ‘मालक जबाबदार नाही’ हा जवळजवळ निरुपयोगी.

दीडशे वर्षांच्या या गोष्टीतून मला दिसतं ते असं. सुरुवातीला न्यायालय विचारायचं, आत आलेला कोण होता? आता ते विचारतं, मालकाला काय माहीत होतं, काय कळायला हवं होतं आणि त्याने काय केलं? पहिल्या प्रश्नावर मालक जन्मतःच जिंकायचा. दुसऱ्यावर जिंकायचं, तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी लागतं.

म्हणून मालकांसाठी सांगणं एवढंच. पावसाळ्याआधी भिंत, जिना, वायरिंग बघून घ्या, दुरुस्तीची बिलं तारखेसह जपा, आलेली तक्रार लिहून ठेवा आणि तिचं काय केलं तेही लिहा. आणि ज्यांना इजा झाली त्यांच्यासाठी : जागेचे फोटो त्याच दिवशी काढा, आधी कोणी तक्रार केली होती का ते शोधा, पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद सांभाळा. घरातलं माणूस गेलं असेल, तर १८५५च्या कायद्याखालच्या दाव्याला मृत्यूपासून दोनच वर्षांची मुदत आहे. दिवसकार्य आणि रडणं-सावरणं यांत ती निघून जाते. वेळेत जवळच्या वकिलाकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

तुमच्या गावात अशी पडायला आलेली भिंत असेल, तर हा भाग तिच्या मालकाला पाठवा. पाऊस दरवर्षी येतो. भेटू या पुढच्या भागात. नमस्कार.